स्टरब्रिज ते प्रॉव्हिन्सटाउन : कर्करोग संशोधनासाठी दोन दिवस सायकलवर

ऑगस्टमधल्या पहिल्या शनिवारी पहाटे पाच वाजता मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्टरब्रिज या गावी हजारो सायकलस्वारांच्या रांगेत मी उभी होते, तेव्हा माझ्या जर्सीच्या पाठीवरच्या खिशात पोस्टकार्डाएवढा एक कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेला होता. त्यावर ६३ नावे होती. पहिले नाव माझ्या वडिलांचे होते आणि बाकीची ६२ नावे मला देणगीदारांनी सांगितलेली होती. ती माझ्याकडे कशी आली हे पुढे येईलच, पण या वृत्तांताचा बराचसा भाग त्या कागदाविषयीच आहे, हे आधी सांगून ठेवते.

या यात्रेचे नाव पॅन-मॅस चॅलेंज. हा उपक्रम बिली स्टार या गृहस्थांनी १९८० साली सुरू केला. त्यांच्या आईचा मृत्यू १९७४ मध्ये त्वचेच्या कर्करोगाने, म्हणजे मेलानोमाने झाला होता. पहिल्या वर्षी ३६ जण सायकलवरून निघाले आणि त्यांनी मिळून १०,२०० डॉलर जमवले. आज या यात्रेत ६ हजारांहून अधिक सायकलस्वार असतात, हजारो स्वयंसेवक त्यांच्यासाठी राबतात आणि आतापर्यंत जमलेल्या निधीने १ अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला आहे. सायकलस्वारांनी जमवलेला प्रत्येक डॉलर पूर्णपणे बॉस्टनच्या डेना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटला जातो. व्यवस्थेचा खर्च नोंदणी शुल्क आणि प्रायोजक यांच्याकडून भागवला जातो. देणगी मागताना लोक पहिला प्रश्न हाच विचारतात, म्हणून त्याचे उत्तर तोंडपाठ असू द्यावे.

माझे वडील १९९४ मध्ये तोंडाच्या कर्करोगावर उपचार घेण्यासाठी कराडहून मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात गेले. आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलो होतो. तिथे अनेक राज्यांतून आलेली माणसे होती, सर्वांचे आजार सारखे होते आणि आम्हाला जेवायला घालणारे लोक आमची चौकशी न करता वाढत होते. वडील त्यातून उठले नाहीत. पुढे मी बॉस्टनजवळ स्थायिक झाले आणि बारा वर्षे दर ऑगस्टमध्ये या सायकलस्वारांना रस्त्याच्या कडेला उभी राहून हात हलवत आले. आपणही जावे असे वाटायचे, पण नोंदणी करण्याची हिंमत होत नव्हती. अडचण अंतराची नव्हती, पैसे मागण्याची होती.

म्हणून आधी निधीविषयी लिहिते, कारण नव्या माणसाला खरी तयारी तिथे लागते. नोंदणी करताना तुम्ही निवडलेल्या मार्गानुसार ठरावीक किमान रक्कम जमवण्याचे वचन देता. स्टरब्रिज ते केप कॉड द्वीपकल्पाच्या टोकावरचे प्रॉव्हिन्सटाउन या संपूर्ण मार्गासाठी ती कित्येक हजार डॉलर असते. शरद ऋतूतील अंतिम मुदतीपर्यंत ती जमली नाही, तर उरलेली रक्कम तुमच्याच क्रेडिट कार्डवरून वळती केली जाते. त्यामुळे नोंदणीपूर्वी घरात बसून हा आकडा नीट पाहून घ्यावा. सायकलचा सराव नसेल किंवा रक्कम मोठी वाटत असेल, तर वेलस्ली येथून सुरू होणारे कमी अंतराचे मार्ग आहेत. पहिल्या वर्षी ते निवडण्यात कसलाही कमीपणा नाही.

फेब्रुवारीत मी ओळखीच्या सर्वांना एकच ठरावीक ईमेल पाठवली. दीडशे जणांपैकी नऊ जणांनी देणगी दिली. मला फार वाईट वाटले आणि लोकांचा रागही आला, पण तो राग चुकीचा होता. मी कोणाला मागितलेच नव्हते. मी फक्त एक सूचना फिरवली होती. मार्चपासून रोज रात्री तीन पत्रे लिहायची असे ठरवले. प्रत्येक पत्र एकाच माणसाला उद्देशून, त्याच्याशी असलेल्या ओळखीच्या भाषेत आणि शेवटी निश्चित रक्कम लिहून. रक्कम लिहिताना सुरुवातीला हात थरथरत असे, पण ती लिहिल्याने समोरच्याची सोय होते. किती द्यावे या विचारात तो पत्र बाजूला ठेवत नाही. आमच्याकडे जोगवा मागायला आलेल्या बाईला कोणी कमी लेखत नसे, हे मला त्या काळात पुष्कळदा आठवले. ती स्वतःसाठी मागत नाही हे देणाऱ्यालाही ठाऊक असते.

पत्रात आपली स्वतःची हकीकत लिहावी, आणि संशोधनातून नेमके काय हाती लागते हे एखाद्या उदाहरणाने सांगावे. मी यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याविषयी लिहीत असे. १९४७ साली बॉस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांवर फॉलिक आम्लाला विरोध करणाऱ्या औषधाचा प्रयोग करत होते. तोपर्यंत ही मुले काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत. फार्बर यांना ते अमिनॉप्टेरिन हे औषध लेडर्ली या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतून मिळाले आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे सुब्बाराव. जून १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी १० मुलांच्या आजाराला तात्पुरता का होईना उतार पडला होता. त्याच कुळातले मेथोट्रेक्झेट आजही वापरात आहे. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले. भारतीय देणगीदारांपैकी बहुतेकांना हे नाव माहीत नव्हते, आणि ते वाचल्यावर अनेकांनी फोन करून अधिक विचारले.

मागण्याचा विषय निघालाच आहे, तर जिमी फंडाची गोष्टही सांगायला हवी, कारण डेना-फार्बरसाठी जमणारा निधी याच नावाने ओळखला जातो. १९४८ च्या मे महिन्यात एका रेडिओ कार्यक्रमाचे प्रक्षेपण चालू असताना कर्करोग झालेल्या एका बारा वर्षांच्या मुलाच्या रुग्णालयातील खोलीत बॉस्टन ब्रेव्ह्ज संघाचे बेसबॉल खेळाडू अचानक येऊन उभे राहिले. त्याची ओळख उघड होऊ नये म्हणून त्याला जिमी म्हटले गेले. त्याला सामने पाहण्यासाठी दूरचित्रवाणी संच हवा होता आणि श्रोत्यांना त्यासाठी पैसे पाठवण्याचे आवाहन करण्यात आले. २ लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. तो मुलगा, आयनार गुस्टाफसन, बरा झाला आणि आपण जिमी असल्याचे त्याने पन्नास वर्षांनी लोकांसमोर सांगितले.

पत्रांची उत्तरे येऊ लागली तेव्हा पैशांबरोबर नावेही येऊ लागली. ‘माझ्या मावशीसाठी’, ‘आमच्या शेजाऱ्यांच्या मुलासाठी’ असे लोक लिहीत. पंधरा वर्षे ज्यांच्याशेजारी बसून मी काम केले, त्या सहकाऱ्याची पहिली पत्नी कर्करोगाने गेली हे मला त्या पत्रामुळे कळले. मी प्रत्येकाला विचारून ती नावे एका कागदावर उतरवू लागले. तुम्हीही असा कागद करा. माझ्या दृष्टीने तो सरावाइतकाच उपयोगी पडला. आणखी एक गोष्ट विसरू नये : अमेरिकेतील अनेक कंपन्या कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीइतकीच भर स्वतःकडून घालतात. प्रत्येक देणगीदाराला त्याच्या कंपनीत ही सोय आहे का, हे विचारायला लावावे. माझ्या एकूण रकमेचा मोठा हिस्सा असा आला.

सरावाबद्दल थोडक्यात सांगते. पूर्ण मार्ग दोन दिवसांत मिळून १९० मैलांच्या आसपास, म्हणजे ३०० किलोमीटर आहे. बर्फ वितळेपर्यंत घरात स्थिर स्टँडवर आणि एप्रिलपासून रस्त्यावर, असा क्रम ठेवला. बेडफर्ड ते केंब्रिज हा मिनिटमन सायकलमार्ग सुरुवातीला चांगला, पण सुटीच्या दिवशी तिथे लहान मुले आणि कुत्री असतात, त्यामुळे वेग घेणे योग्य नाही. लांबच्या सरावाला काँकर्ड आणि कार्लाइलकडचे रस्ते बरे. जुलैमध्ये किमान दोनदा सलग दोन दिवस ६० ते ७० मैल चालवावे. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखऱ्या अंगाने सीटवर बसणे हाच खरा सराव असतो. सीटची उंची जाणकाराकडून बसवून घ्यावी. यात्रेच्या आठवड्यात नवे बूट, नवी पँट, नवी सीट यांतले काहीही वापरू नये. मागच्या चाकाची ट्यूब स्वतःच्या हाताने बदलण्याचा सराव करावा. मी तो केला नव्हता, आणि यात्रेत फ्रँकलिन गावाच्या अलीकडे पंक्चर झाले तेव्हा टायर रिममधून सोडवण्यात माझा अर्धा तास गेला. शेवटी एक अनोळखी सायकलस्वार थांबून मदतीला बसले, त्यांचा वेळ गेला याची मला अजून खंत वाटते.

शुक्रवारी दुपारीच स्टरब्रिजला पोहोचावे. नोंदणीचा क्रमांक, जर्सी आणि सामानाची चिठ्ठी घेण्यासाठी रांग असते, आणि संध्याकाळी उद्घाटनाचा कार्यक्रम होतो. जवळची निवासस्थाने महिनोन्‌महिने आधी भरतात. शनिवारी साडेपाचच्या सुमारास राष्ट्रगीत होते आणि सायकली सुटतात. पहिले ४० मैल चढउतारांचे आहेत. गर्दीच्या उत्साहात सर्वजण वेगाने निघतात. तुम्ही मात्र हलका गिअर ठेवून निघा. व्हिटिन्सव्हिल आणि फ्रँकलिनचे पाणी-थांबे सरले की रस्ता सपाट होत जातो आणि डायटन-रिहोबोथच्या शाळेत दुपारचे जेवण मिळते, तेही सकाळी अकराच्या आधी.

घोळक्यात सायकल चालवण्याची भाषा आधीच शिकून घ्यावी. ओलांडताना डावीकडून ओलांडायचे आणि तसे ओरडून सांगायचे. खड्डा, काच किंवा वाळू दिसली की हाताने दाखवायची. मागून मोटार आली तर पुढच्यांना सांगायचे. अचानक ब्रेक लावणे आणि पुढच्याच्या चाकाला चिकटून चालवणे हे दोन्ही टाळावे. रेल्वेचे रूळ नेहमी काटकोनात ओलांडावेत. कानात गाणी लावण्यास मनाई आहे आणि हेल्मेट सक्तीचे आहे.

खाण्यात माझी चूक झाली. उष्मा आणि दमटपणा असल्याने मी नुसते पाणी भरपूर प्यायले, पण मीठ पोटात गेले नाही, आणि ८० मैलांनंतर दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. दर तासाला एक बाटली, आणि प्रत्येक दुसऱ्या बाटलीत क्षारांची पूड, हे प्रमाण मला नंतर जमले. शाकाहारी माणसाची थांब्यांवर उपासमार होत नाही : पीनट बटर आणि जॅमचे सँडविच, केळी, संत्री, खारट बिस्किटे मुबलक असतात. मी शेंगदाण्याची चिक्की नेली होती. चॉकलेट ऑगस्टच्या उन्हात वितळते, पण चिक्कीला काही होत नाही.

गोळे आलेल्या पायांनी मी लेकव्हिलच्या थांब्याकडे जात असताना रस्त्याच्या कडेला मुलांची मोठी छायाचित्रे दिसू लागली. डेना-फार्बरमध्ये उपचार घेणाऱ्या मुलांना सायकलस्वारांचे गट आपले साथी मानतात, आणि त्यांची ही छायाचित्रे लावलेली असतात. त्यांतली काही मुले थांब्यावर आईवडिलांसोबत स्वतः आली होती. टोपी घातलेल्या एका पाच-सहा वर्षांच्या मुलीने माझी बाटली भरून आणली आणि झाकण नीट लागले की नाही हे दोनदा पाहिले. तिथे मी खिशातला कागद काढून सर्व नावे एकदा वाचली. मग पाय ताणून निघाले.

मुक्काम बोर्न येथे मॅसॅच्युसेट्स मॅरिटाइम अकॅडमीच्या आवारात असतो. वसतिगृहातील खोली मिळाली तर उत्तम, नाहीतर तंबूत झोपावे लागते, म्हणून कानात घालायचे बोळे, चादर आणि विजेरी सामानात असावी. पोहोचल्याबरोबर मालिशसाठी नाव नोंदवावे, मग अंघोळ आणि मग जेवण. हा क्रम उलटा केल्यास रांगेत दोन तास जातात. संध्याकाळी कर्करोगातून उठलेल्या आणि उपचार चालू असलेल्या सायकलस्वारांचा मेळावा होतो. त्यांना इथे ‘लिव्हिंग प्रूफ’ म्हणतात, जिवंत पुरावा. मी दूर उभी राहून ते पाहिले. इतकी माणसे एकत्र उभी आहेत आणि हसत आहेत, हे दृश्य १९९४ मध्ये माझ्या वडिलांना दाखवता आले असते तर किती बरे झाले असते, असे मला वाटत राहिले.

रविवारी अंधारातच निघून केप कॉड कालव्यावरचा बोर्न पूल ओलांडायचा असतो. पुढचा आणि मागचा दिवा आदल्या रात्रीच चार्ज करून ठेवावा. पुलावर उतरून फोटो काढण्याचा मोह आवरावा, मागून शेकडो सायकली येत असतात. कालव्याच्या कडेचा रस्ता संपल्यावर सँडविच या गावापासून बार्नस्टेबलपर्यंत छोट्या चढउतारांची साखळी आहे. ब्रूस्टरच्या निकर्सन उद्यानातील थांब्यानंतर सावली कमी होते, वेलफ्लीटच्या पुढे ट्रुरोचे चढ आणि समोरून येणारा समुद्रवारा यांनी वेग निम्म्यावर येतो. या शेवटच्या २० मैलांसाठी शक्ती राखावी. वाळूच्या टेकड्या दिसू लागल्या की प्रॉव्हिन्सटाउन आले. मी दुपारी पोहोचले, तेव्हा कागदाची घडी घामाने मऊ झाली होती, अक्षरे मात्र शाबूत होती.

परतीसाठी बॉस्टनची फेरीबोट आहे. तिचे तिकीट आणि सायकल नेण्याची सोय नोंदणीच्या वेळीच करून ठेवावी, त्या दिवशी मिळत नाही.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच आभाराची पत्रे लिहून टाकावीत. मी प्रत्येक पत्रात लिहिले की तुम्ही दिलेले नाव लेकव्हिलला मोठ्याने वाचले आणि प्रॉव्हिन्सटाउनपर्यंत नेले. त्यावर, आधी फक्त पैसे पाठवून गप्प राहिलेल्या चार जणांची उत्तरे आली. प्रत्येकात एक नाव होते. कागदावर आता ६७ नावे झाली आहेत आणि पुढच्या वर्षासाठी मी तो नव्याने लिहून काढला आहे.