आईसोबत राणीची बाग: एका दिवसाचा बेत

राणीच्या बागेत जायचं हे मुलांचं टुमणं गेल्या मे महिन्यापासून चालू होतं आणि खरं सांगायचं तर मागच्या वर्षी आम्ही एकदा गेलोही होतो, पण गेलो बुधवारी, आणि बुधवारी बाग बंद असते. गेटपर्यंत जाऊन दोन्ही मुलं रडवेली होऊन परत आली होती. म्हणून आधी हेच सांगते, बुधवार सोडून जा. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग उघडी असते आणि दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात, तेव्हा गुरुवारचंही बघून घ्या.

ह्या वेळी बेत आईला धरून केला. आई सत्तरीची, गुडघे दुखतात, पण तिचं लहानपण लालबागच्या चाळीत गेलंय आणि राणीची बाग म्हणजे तिच्या अंगणातलीच. रविवारी बाबा मिलमधून सुटले की सगळी भावंडं चिंचपोकळीवरून चालत चालत जायची म्हणे. मी मनाशी ठरवलं की वेळापत्रक मुलांच्या हिशोबाने नाही तर आईच्या पायांच्या हिशोबाने लावायचं, आणि आजही वाटतं की तो निर्णय सगळ्यात बरोबर होता, कारण मुलं कशीही फिरतात पण म्हाताऱ्या माणसाला अकरानंतरचं ऊन बाधतं.

डिसेंबरातला शनिवार घेतला. डोंबिवलीहून भायखळ्याला थांबणारी फास्ट पकडली, ईस्टला उतरलो. स्टेशनात जरा थांबून वर बघा प्लीज, ती दगडी इमारत खूप जुनी आहे आणि आता फार सुंदर दुरुस्त केलीय, तिला युनेस्कोचं पारितोषिकही मिळालंय. तिथून बाग चालत जवळच, पण आईसाठी टॅक्सी केली. बाग साडेनऊला उघडते, आम्ही सव्वानऊलाच गेटवर. आम्ही गेलो तेव्हा मोठ्यांना ५० आणि मुलांना २५ रुपये होते, आणि आईवडील व दोन मुलं अशा चौघांचं मिळून १००, त्यामुळे आमचं एक फॅमिली तिकीट आणि आईचं वेगळं.

आत शिरल्यावर सगळे धावतात पेंग्विनकडे आणि आम्हीही तेच केलं, उशीर झाला की काचेसमोर इतकी गर्दी होते की लहान मुलाला खांद्यावर घेतल्याशिवाय काही दिसत नाही. हे हम्बोल्ट पेंग्विन, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आणले आणि २०१७ पासून लोकांना बघायला मिळतायत. त्यांच्यासाठी काचेआड १६ ते १८ डिग्री ठेवतात. ते पाण्यात शिरले की अक्षरशः उडतात, धाकटा काचेला नाक लावून वीस मिनिटं हलला नाही. आई बाकावर बसून नातवाकडे बघत होती, पेंग्विनकडे फारसं नाही.

मग वाघ. २०२० मध्ये संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून शक्ती आणि करिश्मा ही जोडी आणली होती आणि पुढे इथेच त्यांचं पिल्लूही झालं. दुपारी गेलात तर वाघ झोपलेला दिसेल, म्हणून हेही सकाळीच उरकायचं. पक्ष्यांच्या मोठ्या जाळीत आपण स्वतः आत जाऊन फिरतो ते मला फार आवडलं, पक्षी अगदी डोक्यावरून जातात. पाणघोडा, मगरी, माकडं हे सगळं बघितलं पण त्याबद्दल वेगळं काय लिहू, मुलांना जे आवडायचं ते आवडलंच.

मला लिहायचंय ते झाडांबद्दल. लोक ह्याला फक्त झू समजतात, पण १९ नोव्हेंबर १८६२ ला लेडी फ्रिअर यांच्या हस्ते व्हिक्टोरिया गार्डन म्हणून हे सुरू झालं तेव्हा ही मुळात झाडांचीच बाग होती, प्राणी नंतर आले. आता नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण आमच्या घरात कुणी राणीची बाग सोडून दुसरं काही म्हणत नाही. पन्नासेक एकरांत इतकी जुनी झाडं आहेत की मधे उभं राहिलं तर बाहेर लालबाग-परळचा ट्रॅफिक आहे हे खरं वाटत नाही. गोरखचिंचेचं खोड बघून थोरलीने विचारलं की हे हत्तीच्या पायासारखं का आहे, तर सांगितलं की हे मूळचं आफ्रिकेतलं झाड आहे आणि पाणी खोडात साठवतं. कैलासपतीची फुलं थेट खोडावर येतात, खाली पडलेलं एक उचलून आईने मुलांना दाखवलं की बघा, मधे पिंड आणि वर नागाची फणी. तिथे आम्ही अर्धा तास बसलो, पोळीभाजी आणि शेंगदाण्याचे लाडू खाल्ले. स्टीलच्या बाटल्या आणि पिशवी घरूनच न्या, आणि चटई न्यायला विसरू नका.

आणि मग काळा घोडा. बऱ्याच जणांना माहीत नाही, फोर्टमध्ये काळा घोडा नाव ज्यावरून पडलं तो इंग्लंडच्या राजाचा, सातव्या एडवर्डचा, घोड्यावरचा खरा पुतळा इथे बागेत आहे. १८७९ चा, सॅसून घराण्याने दिलेला, १९६५ मध्ये तिथून काढून इथे आणला. फोर्टमध्ये आता दिसतो तो घोडा २०१७ चा नवीन, त्याच्यावर स्वार नाही. आई लांबूनच थांबली. तिच्या बाबांनी तिला लहानपणी फोर्टला नेऊन तो घोडा दाखवला होता, ती तेव्हा दहाची पण नव्हती, आणि नंतर तो गेला कुठे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती पुतळ्याखाली बराच वेळ उभी राहिली, गुडघ्यांचं नावही काढलं नाही. बाबांनी बोट धरून ह्या बागेत हत्तीवर बसवलं होतं तेही तिने तिथेच मुलांना सांगितलं, आता हत्तीवर बसवत नाहीत आणि ते बरंच आहे, पण तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं.

भाऊ दाजी लाड म्युझियम शेजारीच, १८७२ चं, पण दोन्ही एका दिवसात आईला झेपलं नसतं म्हणून आतली मांडणी पुढच्या वेळी. बाहेरचा दगडी हत्ती मात्र बघितलाच. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटलं तोच हा, १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला उचलताना पडून फुटला, म्हणून इथेच राहिला, नंतर तुकडे जोडून उभा केलाय. धाकट्याला जोडाच्या रेघा शोधायच्या होत्या, शोधल्या त्याने.

दोनला बाहेर पडलो. परतीच्या गाडीत आई खिडकीत बसली होती आणि चिंचपोकळी आली तेव्हा तिने मुलांना बाहेर बोट दाखवून सांगितलं, इथून आम्ही चालत यायचो.