कबरीवरच्या मेणबत्त्या आणि माझी सहा मिरच्यांची रोपं

खिडकीत परत एकदा टोमॅटोची रोपं वाढतायत आणि नवरा रोज चहा पिताना विचारतो, काय मग, यंदा कधी लावायची? त्याच्या चेहऱ्यावरचं ते हसू बघून कळतं की त्याला 2024 चा एप्रिल आठवतोय. तर तीच गोष्ट सांगते, एकदाची लिहून टाकली की विषय तरी संपेल.

आम्ही राहतो जर्मनीत, सॅक्सनी राज्यातल्या लाइपझिगला. इथे फ्लॅटमध्ये राहणारी माणसं शहराच्या कडेला एक छोटा तुकडा भाड्याने घेतात, श्रेबरगार्टन म्हणतात त्याला, आणि या नावाची पहिली संस्था निघालीच आमच्या गावात, 1864 साली. जागा 400 चौरस मीटरच्या आत, एक लाकडी झोपडी, आणि नियम विचारू नका. तिसरा हिस्सा जागेत फळं-भाजीच पाहिजे, झोपडीत मुक्काम ठोकून राहायचं नाही, कुंपण अमुक उंचीचं. वेटिंग लिस्टमध्ये दोन वर्षं काढली तेव्हा आमचा नंबर लागला, एक म्हातारं सफरचंदाचं झाड आणि एक अक्रोड आयता मिळाला.

त्या वर्षी एप्रिल असा तापला की बस. पहिल्याच आठवड्यात जर्मनीत एका ठिकाणी पारा तिशीला टेकला. आमच्याकडे लोक नदीकाठी उघडे बसलेले, आईस्क्रीमला रांगा, सगळी झाडं पंधरा दिवस आधीच फुललेली. पाडवा मंगळवारी झाला, आणि लगेचच्या शनिवारी, म्हणजे 13 तारखेला, मी फेब्रुवारीपासून खिडकीत पोरांसारखी सांभाळलेली सगळी रोपं नेऊन जमिनीत लावली. आठ टोमॅटो, सहा मिरच्या, आणि दोडक्याचे तीन वेल ज्यांचं बी मी सासूबाईंकडून पाकिटात लपवून... जाऊ दे, ते नको.

शेजारच्या बागेतले आजोबा कुंपणापाशी येऊन बघत राहिले. सॅक्सन बोली त्यांची, मला अर्धी कळते. म्हणाले, आइसहाइलिगन व्हायचेत अजून. म्हणजे बर्फाचे संत. 11 मे ते 15 मे असे पाच दिवस पाच संतांचे, मामेर्टुस, पांक्राट्सिउस, सर्वाट्सिउस, बोनिफाट्सिउस आणि शेवटी 15 तारखेला थंड सोफी. ही सोफीबाई गेल्याशिवाय नाजूक रोप बाहेर काढायचं नाही, असा इथला शिरस्ता. मला मनातून हसू आलं. आता खरं तर मी शेतकऱ्याची पोर, निफाड तालुक्यातली, आमच्याकडे मृगाआधी धूळपेरणी करणाऱ्याला लोक काय काय बोलतात ते ऐकत मोठी झालेली, पण अठ्ठावीस डिग्रीत टी-शर्टवर उभं असताना कुठला संत आठवतो. तिथेच माती खाल्ली.

पुढच्याच आठवड्यात वारं फिरलं. उत्तरेकडून गार हवा, मध्येच गारा, एकदा तर चक्क बर्फाची भुरभुर. ते पण चाललं असतं, आभाळ भरलेलं होतं तोवर रात्री फार खाली जात नव्हतं. सोमवारी 22 तारखेला संध्याकाळी आभाळ एकदम स्वच्छ झालं, वारा पडला, आणि मला पोटात गोळा आला, कारण हे चित्र मी लहानपणापासून ओळखते. ढग म्हणजे जमिनीवरची गोधडी, ती ओढून घेतली की दिवसभराची ऊब सरळ वर निघून जाते. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत अशा रात्री घरात कोणी झोपायचं नाही. सकाळी पहिली चौकशी, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती? तीन म्हटलं की अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तोंड उतरायचं. आमची द्राक्षाची बाग, थंडीने मण्यांना तडे जातात, फुगवण थांबते, मणी गुलाबी पडून पिंक बेरी होते, आणि वर्षाचं गणित गेलं. म्हणून मग बागेत ओळीओळीने शेकोट्या, धूर, डोळ्यात पाणी, आणि मध्यरात्री लाइट आली की पाणी सोडायचं. मला त्या रात्रींचा इतका राग यायचा की मी इंजिनिअरिंग केलं.

अप्पांना फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेदहा, द्राक्षाच्या खरड छाटणीची, म्हणजे एप्रिलातल्या छाटणीची गडबड, चाळीस डिग्रीने हैराण झालेले. त्यांना आधी वाटलं मी चेष्टा करतेय.

"एप्रिलात थंडी? बरं. जमीन ओली कर बाई आधी, मोकळं पाणी दे, ओली जमीन ऊब धरती. आन् शेकोटी पेटव."

"अप्पा, इथे शेकोटीला परवानगी नाही. दंड होतो."

पलीकडे शांतता. मग म्हणाले, "मग काय करता तुम्ही लोक थंडीत?"

काय करतात ते कुंपणापलीकडून कळलं. आजोबा आपल्या द्राक्षाच्या वेलावर पांढरं कापड बांधत होते, आपल्याकडे कलिंगडावर टाकतात ते क्रॉप कव्हर असतं ना, तेच. मला उरलेला तुकडा दिला आणि म्हणाले, सुपरमार्केट बंद व्हायच्या आत पळ आणि ग्राबलिश्ट घेऊन ये. ग्राबलिश्ट म्हणजे कबरीवर लावायची मेणबत्ती, लाल प्लॅस्टिकच्या डब्यात, वर पत्र्याचं झाकण, वाऱ्यात विझत नाही आणि दोन-दोन दिवस जळते. मी दहा घेतल्या. काउंटरवरच्या बाईने इतक्या आदराने माझ्याकडे बघितलं की मला खरं सांगायची हिंमत झाली नाही.

मिरच्यांवर मातीच्या कुंड्या उलट्या घातल्या आणि प्रत्येक दोन कुंड्यांच्या मध्ये एक मेणबत्ती, सगळ्यावरून कापड, कडेला विटा, ज्योतीला लागू नये म्हणून मध्ये काठ्या उभ्या केल्या. टोमॅटोंना बादल्या आणि जुन्या चादरी. दोडक्याला काही उरलंच नाही, माझं जॅकेट टाकलं. अंधारात कापडाखालून तांबडा उजेड दिसत होता, लांबून कोणी बघितलं असतं तर छोटंसं कब्रस्तानच.

पहाटे पाचला झोपडीबाहेरच्या थर्मामीटरवर उणे तीन. हे डोक्याच्या उंचीवर. जमिनीलगत त्याहून खाली असतं, थंड हवा जड, ती तळाला साचते. गवतावर पाय ठेवला की कुरकुर वाजत होतं.

ऊन आल्यावर नुकसान लगेच दिसत नाही, हा त्यातला सगळ्यात दुष्ट भाग. आधी पानं काचेसारखी, गडद हिरवी, छान टवटवीत वाटतात. दहा वाजेपर्यंत ती उकडलेल्या पालकासारखी लोंबायला लागली. आठही टोमॅटो गेले. दोडका गेला, जॅकेटचा वास अजून जात नाही. सफरचंदाची उरलेली फुलं बाहेरून पांढरीशुभ्र होती, मी एक नखाने उभं चिरलं तर मधला दांडा काळा, बारीक जळक्या काडीसारखा. पाच फुलं चिरली, चार तशीच. अक्रोडाची कोवळी पालवी दुपारपर्यंत काळी ठिक्कर. सहापैकी चार मिरच्या मात्र वाचल्या.

आमचा तर हौसेचा मामला. त्या रात्री सॅक्सनीतल्या सफरचंदाच्या बागांचं आणि एल्बे नदीकाठच्या, तसंच आमच्या जवळच्या फ्रायबुर्गच्या बाजूच्या द्राक्षमळ्यांचं भयंकर नुकसान झालं, गरमीने आधीच फुटलेले कोंब एका रात्रीत करपले. मी बातमीतले फोटो अप्पांना पाठवले. त्यांनी झूम करून बघितले असणार, कारण अर्ध्या तासाने व्हॉइस मेसेज आला, "वलांड्याला कोंब फुटतील परत, पण घड नाही लागायचे फार. विमा असतो का त्यांच्याकडं?" मेणबत्त्या कसल्या ते सांगितल्यावर मात्र बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग, "कबरीवरच्या? बरं. मिरच्या वाचल्या ना."

मे महिन्यात गंमत म्हणजे संतांच्या दिवसांत छान ऊन होतं. 15 तारखेला संध्याकाळी आजोबांनी कुंपणावरून दोन टोमॅटोची रोपं दिली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. मी लगेच खुरपं उचललं, तर त्यांनी बोट हलवलं.

"आज नाही. आज सोफी आहे. उद्या."