पंचवीस थाऊ

आमच्या मशीन शॉपमध्ये आलेल्या वर्क ऑर्डरवर सरळ लिहिलं होतं: बोअर ३० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हर, डेक म्हणजे हेड बसतं तो पृष्ठभाग ९.००० इंचांवर, इंजिन ३८३ घनइंचांचं करणाऱ्या क्रँकसाठी खालून ग्राइंडिंग. ब्लॉक शेव्हरोलेच्या व्ही-८ इंजिनाचा, स्मॉल ब्लॉक म्हणतात तो. डेट्रॉइटच्या उत्तरेला हे ब्लॉक ज्याच्या-त्याच्या गॅरेजात पडलेले असतात, त्यामुळे काउंटरवरच्या पोराने कागद फाडून पुढे सरकवला यात नवल नाही. ब्लॉककडे बघायची पद्धत त्याच्याकडे नाहीच. तो गिऱ्हाइकाचा फोन नंबर मात्र दोनदा तपासतो.

मी ब्लॉक मशीनवर चढवला, लेव्हल केला आणि डायल फिरवायच्या आधी पॅड चिंधीने पुसलं.

पॅड म्हणजे उजव्या हेडच्या पुढे उघडा राहणारा ब्लॉकचा छोटासा सपाट तुकडा. हेड बसतं त्याच पातळीतला. इंजिन तयार झालं की कारखाना तिथे अक्षरं ठोकायचा. इथे आधी व्ही होता, म्हणजे फ्लिंटचा इंजिन कारखाना. मग महिना-तारखेचे चार आकडे आणि शेवटी डीझेड. डीझेड म्हणजे १९६९ च्या कमॅरो झेड/२८ या गाडीचं ३०२ घनइंचांचं इंजिन. अमेरिकेत दुसऱ्या कुठल्याही गाडीत ते इंजिन आलं नाही. शेजारी दुसऱ्या हाताने, जरा तिरके ठोकलेले आकडे: १, ९, एन, मग पाचपासून सुरू होणारा अनुक्रमांक. हे ओहायोतल्या नॉरवुड कारखान्यात ठोकलेले. म्हणजे हा ब्लॉक कोणत्या एका गाडीचा, ते त्यावर कोरलेलं आहे.

मी टॉर्च आडवी धरली. अक्षरांच्या खाली पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा, कंगव्याने विंचरल्यासारख्या. कारखान्यात हा पृष्ठभाग ब्रोचने, म्हणजे ओळीने दाते असलेल्या कटरने कापत, त्याच्या या रेघा. आमच्यासारख्या शॉपमध्ये एकदा फेसिंग झालं की त्या जातात आणि जागी कटरच्या कमानी उमटतात. त्या कमानींवर कुणी पुन्हा डीझेड ठोकलं तर कळतं. निदान ज्याला बघायचं असतं त्याला कळतं. गेल्या काही वर्षांत खोट्या ब्रोच-रेघा मारून देणारेही निघालेत, आणि त्यांच्याकडे कामाची रांग असते म्हणतात.

आपल्याकडे इंजिन नंबर ही आरटीओची भानगड. कोल्हापुरात उद्यमनगरात शिकत असताना ब्लॉकचं फेसिंग करताना नंबर जपायचा, कारण तो आरसी बुकात असतो. मिशिगनमध्ये टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, फक्त गाडीचा नंबर, व्हीआयएन. पॅडवरच्या ठशाला कायद्यात काडीची किंमत नाही. बाजारात मात्र सगळी किंमत त्याचीच. कारण १९६९ च्या कमॅरोचा व्हीआयएन तुम्हाला व्ही-८ आहे एवढंच सांगतो. झेड/२८ आहे की साधी, ते सांगत नाही. गाडी कारखान्यातून कशी निघाली ते सांगणारा मार्टी रिपोर्ट फोर्डवाल्यांना मिळतो, पाँटिअ‍ॅकवाल्यांना तसेच पीएचएसचे कागद मिळतात, प्लिमथ-डॉजच्या तर व्हीआयएनमध्येच इंजिनाचं अक्षर असतं. शेव्हरोलेवाल्याच्या हाती काउल टॅग (इंजिनामागच्या पत्र्यावरची कारखान्याची पट्टी), वॉरंटीच्या पुस्तिकेतली पत्र्याची प्रोटेक्ट-ओ-प्लेट आणि हा ठसा. टॅग नवे बनवून मिळतात. झेड/२८ त्या वर्षी २०,३०२ बनल्या. त्यातल्या २५,००० अजून धावतायत, असा आमच्या धंद्यातला जुना विनोद आहे.

आता पंचवीस थाऊचं. क्रँकच्या मध्यापासून डेकपर्यंतची कारखान्याची उंची ९.०२५ इंच. पिस्टन वर आला तरी साधारण पंचवीस थाऊ खालीच थांबतो. ताकद हवी असणारा माणूस तेवढं कापून पिस्टन डेकच्या बरोबरीला आणतो. आमच्या फेसिंग मशीनचा कटर ब्लॉकहून रुंद, एका फेरीत सगळं घेऊन जातो, पॅडसकट. ठसा काही थाऊच खोल असतो. बटण दाबलं की संपलं.

मी मालकाला बोलावलं. तो म्हणाला, "ऑर्डर वाच आणि काप." मग पॅड बघितलं, आणि शिव्या मला न घालता काउंटरला घातल्या. गिऱ्हाइकाला फोन गेला.

दुपारी तो आला. पन्नाशीचा, हाताला ग्रीस, म्हणजे गाडी स्वतः उघडणारा. मला वाटलं होतं, ठसा दाखवला की हबकेल. तो म्हणाला, "माहितेय. वडिलांनी नवी घेतली होती."

मग मी शहाणपणा सुरू केला, जो या धंद्यात सगळेच करतात. हा ब्लॉक तेल लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कोपऱ्यात ठेवा. भंगारातून साधा ३५० चा ब्लॉक आणा, त्याचं ३८३ करा, हवं तसं कापा. मूळ गाडी कधीही परत जोडता येईल.

"म्हणजे वडिलांचं इंजिन कोपऱ्यात, आणि मी दुसऱ्याच कुणाच्या इंजिनावर फिरायचं?" तो म्हणाला. "मग ती त्यांची गाडी कशी?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय त्याने फोनवर जे फोटो दाखवले त्यात ती गाडी कधीच 'मूळ' नव्हती. वडिलांनी पहिल्याच हिवाळ्यात मागच्या चाकांच्या कमानी कापून रुंद टायर घातलेले, ४.८८ चे गिअर टाकून ड्रॅगस्ट्रिपवर नेलेली. मूळ हेड केव्हाच गेलेले. आणि झेड/२८ होती तरी कशासाठी? ट्रान्स-अ‍ॅम रेसिंगमध्ये ३०५ घनइंचांची मर्यादा होती, म्हणून शेव्हरोलेने ३२७ च्या चार इंची बोअरमध्ये २८३ चा तीन इंची स्ट्रोक घालून ३०२ केलं. मार्क डोनोह्यूने पेन्स्केच्या कमॅरोत १९६८ आणि १९६९ असं दोनदा ते जिंकून दाखवलं. हेडर आणि क्रॉस-रॅम मॅनिफोल्ड असे रेसिंगचे भाग डीलरच्या काउंटरवर मिळायचे, गिऱ्हाइकाने बदल करावेत म्हणूनच. अशा गाडीवर आज लोक कारखान्यातल्या खडूच्या खुणासुद्धा पुन्हा काढतात, ट्रेलरवरून उतरवतात, मांडतात, पुन्हा ट्रेलरवर चढवतात. मला ते बघवत नाही. पण खऱ्या झेडचा फायरवॉल कापून त्यात नवं एलएस, म्हणजे नव्या पिढीचं व्ही-८, कोंबणाराही मला बघवत नाही. सहा सिलिंडरच्या कमॅरो संपल्यात का?

त्याची गरज मात्र खरी होती. ३०२ खालच्या आरपीएमला मेलेलं असतं, ५,००० च्या वर जागं होतं. बायकोला शेजारी बसवून ऑगस्टमध्ये वुडवर्ड रस्त्यावर ड्रीम क्रूझला, जुन्या गाड्यांच्या फेरीला, सिग्नल-सिग्नलला थांबत जायचं तर ३८३ चा टॉर्क हवाच.

शेवटी मी एवढंच म्हटलं: तीस थाऊ बोअर करा, ग्राइंडिंग करा, डेकही कापू, पण पॅड सोडून. तो हो म्हणाला. मालक नाही म्हणाला नाही, पण घड्याळाकडे बघून गेला.

ते काम मी कुणाला सांगितलं नसतं तर घुसमटलो असतो. ब्लॉक मोठ्या मशीनवरून उतरवून सीएनसीवर घेतला. हेड आणि गॅस्केट कोरडं बसवून, आखणीचा निळा रंग लावून कड आखून घेतली, कारण पायरी हेडच्या खाली गेली तर हेड टेकणारच नाही, आणि अक्षरांच्या बाजूला गेली तर व्ही जाईल. मधे नखाएवढी जागा. लहान कटर, पाच-पाच थाऊ, दर फेरीला थांबून टॉर्च. पॅडवर पितळी पत्र्याचा तुकडा चिकटवलेला, उडालेल्या धातूच्या कणाने ओरखडा नको म्हणून. झालं तेव्हा पॅड डेकच्या पंचवीस थाऊ वर उभं होतं, रेघांसकट. मालकाने बोट फिरवून बघितलं आणि म्हणाला, "एवढ्या वेळात तीन ब्लॉक झाले असते." झाले असते.

मग ब्लॉक उलटा केला आणि खालच्या बाजूला रॉडचे बोल्ट फिरायला जागा व्हावी म्हणून सिलिंडरच्या कडा आणि पॅन-रेल (ऑइल पॅन बसतं ती कड) ग्राइंडरने खाल्ली. तेव्हा हात थरथरला नाही. त्याला ठसा नव्हता.

हेच मनातून जात नाही. वरून बघणाऱ्याला हा कारखान्याचा डीझेड, गाडीच्या नंबराशी जुळणारा. आत ४.०३० चा बोअर, ३.७५ चा स्ट्रोक, ३०२ शी संबंध फक्त नावाचा. मी सरसकट कापलं असतं तर ब्लॉक बिनठशाचा झाला असता, पण खोटं काही बोलला नसता.

परवा गिऱ्हाइकाचा फोन आला, गाडी मस्त चालते म्हणून. विमा उतरवायला मूल्यांकन करणारा येऊन गेला म्हणाला. त्याने टॉर्च मारली, पॅडचे फोटो काढले, पायरी बघून "जपून केलंय" असं कौतुक केलं आणि अहवालात लिहिलं: मूळ ३०२, नंबर जुळतात. प्लग काढून आत काडी घालून क्रँक हाताने फिरवली असती तर पिस्टन तीन इंच जातो की पावणेचार, दहा मिनिटांत कळलं असतं. मी म्हटलं, आमचं बिल त्याला पाठव, त्यावर स्ट्रोक मी मुद्दाम लिहायला लावलाय. तो हसला. "मी कुठे विकतोय," म्हणाला. तो नाहीच विकणार. त्याचा मुलगा सोळा वर्षांचा आहे.

बिलाची एक प्रत आमच्या फायलीला आहे. काउंटरवरच्या पोराला विचारलं, फायली किती दिवस ठेवता? म्हणाला, टॅक्सवाले मागतात तोवर, मग श्रेडर.