कपाळावरची जांभळी जाळी

शनिवारची ओपीडी आवरत आली होती आणि मी उरलेले केस पेपर हातावेगळे करत होते, तेवढ्यात सिस्टर घाईने आत आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, एक मुलगी आली आहे, तिला आधी बघून घ्या." पुण्यात इतकी वर्षे प्लास्टिक सर्जरीची प्रॅक्टिस करताना मी एवढे शिकले आहे, की आमच्या सिस्टर 'आधी' हा शब्द उगाच वापरत नाहीत.

मुलगी २८ वर्षांची होती, सोबत आई होती. लहानपणी उंबऱ्यावर पडून तिच्या कपाळाला खोक पडली होती. जखम भरून आली, पण डाव्या भुवईच्या वर बोटाचे टोक मावेल एवढा खळगा कायमचा राहिला. लग्न पाच आठवड्यांवर आले म्हणून दोन तासांपूर्वीच तिने एका ठिकाणी तो फिलरने, म्हणजे कातडीखाली टोचायच्या जेलने, भरून घेतला होता. सुई आत असतानाच जोराची कळ आली आणि कपाळ पांढरेफटक पडले, तरी 'रक्त साकळले आहे, बर्फ लावा, दोन दिवसांत उतरेल' असे सांगून तिला घरी पाठवण्यात आले. रुमालात गुंडाळलेला बर्फ आईच्या हातात अजून होता.

मी कपाळाला हात लावण्याआधी तिचा उजवा डोळा झाकला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरमधली बारीक अक्षरे डाव्या डोळ्याने वाचायला सांगितली. तिने तिथी वाचली, चंद्रोदयाची वेळ वाचली. बाहुल्यांवर उजेड टाकून पाहिला, नजर चारही बाजूंना फिरवून पाहिली, तेव्हा कुठे माझा श्वास मोकळा झाला. भुवईच्या आतल्या टोकाजवळून कपाळावर चढणाऱ्या दोन्ही रोहिण्या डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीच्याच शाखा आहेत. सुईचे टोक त्यांपैकी एकीत शिरले आणि सिरिंजचा दट्ट्या जोरात दाबला गेला, तर फिलर प्रवाहाच्या उलट दिशेने मागे डोळ्यापर्यंत ढकलले जाते आणि हाताचा दाब सुटताच रक्ताबरोबर पुढे जाऊन दृष्टिपटलाची रोहिणी बुजवते. त्यानंतर दृष्टी वाचवायला हाताशी फार तर तासा-दीड तासाचा वेळ असतो. या मुलीला दोन तास होऊन गेले होते. तिच्या फिलरने डोळ्याची वाट धरली नाही, हे केवळ तिचे नशीब.

कपाळाची अवस्था मात्र वाईट होती. डाव्या भुवईपासून केसांच्या रेषेपर्यंत जांभळट रेघांची जाळी उमटली होती आणि त्या रेघांमधली कातडी फिकट, थंड पडली होती. उजवीकडे बोटाने दाबून सोडले की लगेच रंग परतायचा. डावीकडे मी मनात पाच अंक मोजले तरी बोटाचा पांढरा ठसा तसाच होता, म्हणजे फिलरने रोहिणी बुजून तिथे रक्त पोहोचतच नव्हते. साकळलेले रक्त असे वागत नाही. त्याचा एकसंध डाग पडतो आणि दाबले तरी तो पांढरा होत नाही. हा फरक ओळखायला कोणतेही यंत्र लागत नाही, एक बोट आणि काही सेकंद पुरतात, आणि तेवढे त्या ठिकाणी कोणी केले नाही याची चीड मला आजही येते.

बर्फ मी पहिल्यांदा काढून टाकायला लावला, कारण गारव्याने आधीच उपाशी असलेल्या रक्तवाहिन्या आणखी आकसतात. आईने फिलरचे रिकामे खोके मागून घेऊन पर्समध्ये जपून ठेवले होते, त्या माउलीचे मी मनापासून आभार मानले. फिलर हायलुरॉनिक ॲसिडचे होते, म्हणजे विरघळवता येणारे. त्यासाठी लागणारे हायलुरोनिडेज आपल्याकडे १५०० युनिटच्या कुपीत पावडरच्या रूपात मिळते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी डोळा बधिर करण्याच्या औषधात नेत्रतज्ज्ञ ते वर्षानुवर्षे मिसळत आले आहेत. या औषधाची ॲलर्जी होण्याचा धोका ओळखायला, मधमाशी चावल्यावर कधी अंग सुजले होते का, एवढे विचारून आणि ॲलर्जी उठलीच तर म्हणून ॲड्रेनलिन हाताशी ठेवून मी जाळीच्या सगळ्या पट्ट्यात ते टोचले, हळूहळू चोळले आणि गरम पाण्याचा शेक सुरू केला. तासाभराने पुन्हा दिले, आणखी तासाभराने तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी बोट दाबून मी मोजत होते. पाचाचे चार झाले, चाराचे तीन. तिसऱ्या फेरीनंतर डाव्या बाजूला हाताला ऊब लागली, तेव्हा आईला रडू आवरेना. रात्री एका नेत्रतज्ज्ञ मित्राने बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासले. ते निरोगी होते.

पुढचे दहा दिवस ती रोज येत राहिली. केसांच्या रेषेजवळ बारीक पुळ्या आल्या, त्यांची खपली धरली आणि पडली. लग्नात मुंडावळ्या बांधल्या गेल्या त्या त्याच कपाळावर, खळग्यासकट.

आठ महिन्यांनी ती पुन्हा आली. तिला आता स्वतःचीच चरबी काढून खळगा भरून घ्यायचा होता, कारण 'स्वतःची म्हणजे सुरक्षित' असे तिला कोणीतरी सांगितले होते. ही समजूत मला आधी काढून टाकावी लागली. चरबी रोहिणीत शिरली तर तिला विरघळवणारे औषध नाही, आणि डोळ्यापर्यंत पोहोचली तर परतीची वाट जवळजवळ नसतेच. हे सारे स्पष्ट सांगून मी तिला विचार करायला दोन आठवडे दिले. नवऱ्याला घेऊन ती परत आली आणि तिने होकार दिला.

मांडीतून काढलेली थोडी चरबी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तेल आणि पाणी वेगळे केले. खोकेच्या व्रणाने कातडी हाडाला जखडली होती, ती आधी सोडवली. मग केसांच्या रेषेतून बोथट टोकाची पोकळ नळी, म्हणजे कॅन्युला, हाडालगत खाली नेऊन, ती मागे घेतानाच थेंब थेंब चरबी सोडत गेले. जेमतेम दोन मिली चरबी बसवायला मला पाऊण तास लागला, आणि तेवढ्या वेळात मी तिला चार वेळा डोळे उघडून समोरचे वाचायला लावले.

भरलेल्या चरबीतली काही पहिल्या तीन महिन्यांत विरते, तशी तिचीही विरली. सहाव्या महिन्यात तिरप्या उजेडात पाहिले तर पुसटसा खळगा अजून दिसत होता. दुसऱ्यांदा भरायचे का, असे मी विचारले. तिने खळग्यावरून बोट फिरवले आणि म्हणाली, "नको मॅडम, एवढे राहू द्या." मलाही तेच बरे वाटले.