एकच जमीन, तीन नोंदी

२०१८ सालचा डिसेंबर. जैवविविधता करारातल्या देशांनी सहावा राष्ट्रीय अहवाल ३१ तारखेपर्यंत द्यायचा होता. त्यातले निर्देशक, म्हणजे प्रगती मोजणारे आकडे, आमच्या गटाकडे होते आणि माझ्या वाट्याला संरक्षित क्षेत्र आलं होतं. हे काम सगळ्यांत सोपं, असंच सगळे धरून चालले होते; मीसुद्धा. याच करारातल्या देशांनी ठरवलेल्या आयची उद्दिष्टांतलं अकरावं उद्दिष्ट स्पष्ट होतं: २०२० पर्यंत जमीन आणि गोडं पाणी मिळून किमान १७ टक्के भाग संरक्षित हवा. उद्यानं, अभयारण्यं, पाणथळ जागा यांची क्षेत्रफळं एका रकान्यात मांडायची, बेरजेला देशाच्या क्षेत्रफळाने भागायचं. आमचं उत्तर १७च्या वर येत होतं. ‘उद्दिष्ट गाठले’ हे वाक्य लिहूनही झालं होतं.

त्या सकाळी मी छपाईसाठी नकाशा करत होते. प्रत्येक क्षेत्राला फिकट, आरपार दिसणारा हिरवा रंग दिला, तर काही ठिकाणी तो गडद दिसू लागला. रंग चुकला असेल म्हणून मोठं करून पाहिलं. एका राष्ट्रीय उद्यानावर रामसर पाणथळ जागेची (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून नोंदलेल्या पाणथळीची) सीमा होती आणि त्या दोन्हींवर जागतिक वारसा स्थळाची. जमीन तीच, नोंदी तीन; बेरजेतही ती तीनदा आलेली. पोटात गोळाच आला. सगळ्या सीमा एकत्र करून, एकावर एक आलेला भाग एकदाच धरून पुन्हा मोजलं. आकडा १७च्या खाली उतरला.

आमच्या गटाच्या मॅडमनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “मागच्या अहवालात कसं मोजलं होतं?”

तसंच मोजलं होतं. म्हणजे नुसता नवा आकडा दिला असता, तर मधल्या वर्षांत संरक्षित क्षेत्र घटलं असं दिसलं असतं, आणि ते धादांत खोटं ठरलं असतं. पद्धत बदलली की मागची सगळी वर्षं त्याच पद्धतीने नव्याने मोजावी लागतात. घोषणेच्या वर्षानुसार एकेक क्षेत्र लावत बसले. रात्री आलेख तयार झाला. रेघ चढतीच होती, फक्त खालून. पण एका वर्षीची मोठी उडी साफ नाहीशी झाली होती. त्या वर्षी नवी जमीन आलीच नव्हती, जुन्याच उद्यानांना आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला होता. ही उडी मागच्या अहवालात आम्ही यश म्हणून मिरवली होती. एकूण आकडा घसरल्यापेक्षा मला ते जास्त लागलं.

“कोण तपासणार आहे?” असं एकजण म्हणाला. मला ते मुळीच पटलं नाही. आता तर त्याच करारात २०३० पर्यंत ३० टक्क्यांचं उद्दिष्ट आहे, मोह आणखी मोठा आहे.

निघण्याआधी त्या नकाशावर जैवविविधतेच्या दृष्टीने महत्त्वाच्या क्षेत्रांच्या सीमा लाल रेघेने टाकल्या. शाश्वत विकास उद्दिष्टांत त्यांतला किती भाग संरक्षित आहे, याचा वेगळा निर्देशक आहे. कितीतरी लाल वर्तुळांच्या आत हिरवं काहीच नव्हतं. मॅडमनी ‘उद्दिष्ट गाठले’ हे वाक्य खोडलं आणि त्या जागी तो नकाशा घ्यायला सांगितला.