ओढ्याकाठचा दगड

जंगलातली वाट ओढ्याच्या कडेकडेने वर चढत होती आणि तिच्या टोकाला धबधबा होता. त्याच्यासाठीच आम्ही दोघी उजाडायच्या आत निघालो होतो. कॅमेऱ्याच्या पिशवीत नेहमीची टेलिफोटो, म्हणजे दूरचं जवळ आणणारी लेन्स, नव्हती. या खेपेस जुनी ५० मिमीची लेन्स घेतली होती आणि तीन एक्स्टेन्शन ट्यूब: १२, २० आणि ३६ मिमीच्या. अगदी जवळून मोठं दाखवणारी मॅक्रो लेन्स घेणं कितीतरी दिवस लांबणीवर पडत होतं. ट्यूब तिच्या मानाने फार स्वस्त, कारण आत काच नसतेच. नुसती पोकळ नळी. कॅमेरा आणि लेन्स यांच्या मध्ये ती अडकवली की लेन्स चित्र टिपणाऱ्या सेन्सरपासून लांब जाते आणि अगदी नाकासमोरची वस्तूही फोकसमध्ये येते. दूरचं मात्र काहीच दिसत नाही. धबधबा तर नाहीच.

दुसऱ्या वळणावर पाण्यात अर्धा बुडालेला एक दगड दिसला, मॉस या मखमली हिरव्या वनस्पतीने माखलेला. "तू काढ दोन फोटो, मी होते पुढे," मैत्रीण म्हणाली. त्या दगडापाशी मी अडीच तास होते.

ट्यूबचा हिशोब मला आवडतो. नळीची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ (माझ्या लेन्सची ५० मिमी), एवढं मॅग्निफिकेशन, म्हणजे सेन्सरवर वस्तू किती पट उमटते ते, वाढतं. तिन्ही जोडल्या की ६८ मिमी. भागिले ५० म्हणजे १.३६, त्यात लेन्सचं स्वतःचं ०.१५ च्या आसपास. सेन्सरवर वस्तू दीडपट मोठी उमटते! याच नळ्या २०० मिमीच्या लेन्सला लावल्या तर वाढ जेमतेम एक तृतीयांश.

पहिल्यांदा नुसता हिरवा धूसरपणा दिसला. फोकस रिंग फिरवून फारसं काही होईना. इतक्या जवळ आल्यावर कॅमेराच पुढेमागे करावा लागतो. कोपरं दगडावर टेकवली, श्वास रोखला आणि केसभर पुढे झुकले. त्या धूसर हिरव्यातून एकदम देठ उभे राहिले! प्रत्येक देठाच्या टोकाला एक इवलीशी कुपी. काहींवर अजून टोपी होती, काहींची गळून पडलेली. उघड्या कुप्यांच्या तोंडाशी नारिंगी दातांची गोल झालर होती. हवेतल्या ओलाव्याप्रमाणे हे दात मिटतात, उघडतात आणि बीजाणू बाहेर पडतात. हे वाचून माहीत होतं, पण दात मोजता येतील असं कधी वाटलं नव्हतं.

अडचण उजेडाची. दीडपटीला अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) एफ/८ ठेवलं तरी प्रत्यक्षात ते एफ/२० सारखं, म्हणजे बरंच लहान असल्यासारखं, वागतं. सेन्सरवर येणारा प्रकाश एक षष्ठांशाहूनही कमी उरतो. माझ्या ट्यूबना इलेक्ट्रॉनिक संपर्क नाहीत, कॅमेऱ्यावरून हे भोक लहानमोठं करता येत नाही, म्हणून अ‍ॅपर्चर रिंग असलेलीच लेन्स आणली होती. रिंग पूर्ण उघडून फोकस करायचा, मग एफ/८ वर आणायची; की व्ह्यूफाइंडरमध्ये काळोख. तरी डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे स्पष्ट दिसणारी खोली, मिळते जेमतेम अर्धा मिलिमीटर. भोक आणखी लहान करून एफ/१६ वरही घेऊन पाहिलं, पण डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे लहान भोकातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, दातांच्या कडा मऊ पडल्या. परत एफ/८ वर आले.

तेवढ्यात दगडाच्या कडेवरून एक उड्या मारणारा कोळी वर आला. सकाळचा गारठा होता म्हणून तो सावकाश चालत होता. कीटकांचे आणि कोळ्यांचे फोटो पहाटे काढावेत ते यासाठीच. लेन्सचं तोंड त्याच्यापासून जेमतेम पाच सेंटीमीटरवर, माझी सावली त्याच्यावर. कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे धरून, धूळ आत जाऊ नये म्हणून घाईने, ३६ ची नळी काढली. आता ३२ मिमी उरले, आणि सावली सरकण्याइतकं अंतर मिळालं. कोळी वळला आणि त्याने सरळ लेन्सकडे पाहिलं.

त्याला आठ डोळे. समोरचे दोन मोठे, काळेभोर. बघता बघता त्यातल्या एकाचा रंग काळ्यावरून फिकट तपकिरी झाला आणि पुन्हा काळा. मी शटर दाबायचं विसरले. या डोळ्यांची भिंगं जागची हलत नाहीत. भिंगामागे एक लांब नळी असते आणि तिच्या टोकाचा पडदा स्नायूंनी इकडेतिकडे फिरतो. बाहेरून दिसतो तो रंगबदल त्याचाच. पुढे भिंग, मागे पोकळ नळी, टोकाला पडदा. माझ्या हातात जे होतं तेच त्याच्या डोक्यात होतं, आणि त्याचं कितीतरी सरस.

बावीस फोटो घेतले. डोळे नीट फोकसमध्ये आलेला एकच.

ऊन दगडावर आलं तसा कोळी फटीत गेला. मैत्रीण परतली तेव्हा तिचे केस तुषारांनी ओले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा उजाडायच्या आत निघालो. ती धबधब्याकडे वळली, आणि मी उजेड परतवायला पांढरा पुठ्ठा काखेत मारून त्याच दगडाकडे.