धडकेआधी पकड

मिनेसोटातल्या आमच्या शाळेच्या मैदानावर मुलाचा अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून पाडण्याच्या खेळाचा, सराव पाहताना मला धक्का बसला तो याचा, की त्या संपूर्ण संध्याकाळी प्रशिक्षकांनी एकाही मुलाला दुसऱ्यावर आदळू दिले नाही. फोमचे एक मोठे चाक गवतावरून घरंगळत सोडायचे, मुलाने तिरके धावत ते गाठायचे, शेवटची पावले आखूड टाकायची, गुडघ्यांत वाकून पाठ सरळ आणि नजर समोर ठेवायची, खांदा लागताच दोन्ही हातांनी विळखा घालायचा आणि पाय न थांबवता रेटत न्यायचे. मान किंचित खाली गेली की शिट्टी वाजे आणि तो मुलगा पुन्हा रांगेच्या शेवटी जाई.

या आग्रहाला कारण आहे. मान वाकवून डोक्याने धडक दिली, तर सारा भार मानेच्या मणक्यांवर येतो; म्हणूनच 1976 मध्ये शालेय आणि महाविद्यालयीन नियमांनी तशा धडकेवर बंदी घातली. शिवाय खाली पाहणाऱ्याला समोरचा खेळाडू दिसतच नाही. 14 जानेवारी 2018 रोजी येथेच, मिनीॲपोलिसमध्ये, अखेरची 10 सेकंद उरली असताना न्यू ऑर्लिन्स संघाच्या मार्कस विल्यम्सने डोके खाली घालून झेप घेतली, ती चेंडू झेललेल्या स्टेफॉन डिग्जला लागलीच नाही, आणि 61 यार्डांच्या त्या चालीवर त्याचा संघ, आमचे मिनेसोटा वायकिंग्ज, 29–24 असे जिंकले. त्याउलट 2000 सालच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे या खेळाच्या व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्यात, सेंट लुईस संघाच्या माइक जोन्सने प्रतिस्पर्धी केव्हिन डायसनला विळखा घालून गोलरेषेपासून एका यार्डावर रोखले आणि आपल्या संघाचे विजेतेपद निश्चित केले.

आदळल्याशिवाय ही कला येत नाही, असा एक समज येथेही होता. डार्टमथ महाविद्यालयाचे प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनी 2010 मध्ये सरावात खेळाडूंनी एकमेकांना पाडणे बंद केले आणि पुतळ्यांवर पकडी घोटून घेतल्या. 2015 मध्ये त्यांचा संघ आयव्ही लीग या विद्यापीठांच्या स्पर्धेचा संयुक्त विजेता ठरला.

आपल्या कबड्डीपटूंना यात नवल वाटणार नाही. चढाईपटूचा घोटा किंवा कंबर पकडताना वेळ साधणे आणि साथीदाराने लगेच साखळी आवळणे, हे आपल्याकडची मुले शिरस्त्राणाविना आणि खांद्यावरच्या कवचाविना करतात, आणि मला त्याचा अभिमान आहे. मात्र पकड करताना डोके कोठे ठेवावे, हे आमच्या गल्लीत आम्हाला कोणीही शिकवले नाही. खरचटलेल्या गुडघ्याला हळद लावली की विषय संपत असे.

मुलाला असल्या खेळात का घातलेस, असे आई फोनवर विचारते. धोका संपलेला नाही, हे मी तिच्यापासून लपवत नाही. परंतु मुलाची पकड बिनचूक होईपर्यंत प्रशिक्षक त्याला सामन्यात उतरवत नाहीत, आणि ते पाहूनच मी संमतिपत्रावर सही केली.